घटक-विश्लेषणाच्या पद्धती आणि नगर जिल्ह्यातील परीक्षार्थी

पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथील जवाहर नवोदय विद्यालयात सहावीच्या वर्गात प्रवेश मिळावा म्हणून, अकोल्याच्या डोंगरपट्ट्यापासून जामखेडच्या माळरानापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्याच्या १४ तालुक्यांतील मुले ज्या परीक्षेला बसतात, तिच्यातील ८० प्रश्नांपैकी ४० मानसिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे व २० भाषेचे असतात, आणि १०० गुणांची वाटणी त्याच प्रमाणात ५०, २५ आणि २५ अशी केलेली असते. या तीन आकड्यांची बेरीज करून गुणानुक्रम लावला जातो. बेरीज ही अत्यंत निरुपद्रवी क्रिया वाटते. परंतु आकृत्यांतील साम्य ओळखणे, अपूर्णांकांची वजाबाकी करणे आणि उताऱ्याचा आशय ग्रहण करणे या तीन कृतींचे गुण एकत्र मिळविताना, त्या तिन्हींच्या मुळाशी एकच एक सामर्थ्य आहे, आणि त्या सामर्थ्याचा निर्देश मानसिक क्षमतेच्या प्रश्नांत इतर दोहोंच्या दुपटीने होतो, असे एक प्रमेय आपण न उच्चारता गृहीत धरलेले असते. ते प्रमेय खरे की खोटे, हे ठरविण्याचे जे शास्त्र गेल्या सव्वाशे वर्षांत उभे राहिले, त्याला घटक-विश्लेषण म्हणतात. त्या शास्त्रात एक पद्धती नसून अनेक आहेत, त्यांची उत्तरे नेहमीच जुळत नाहीत, आणि ती का जुळत नाहीत हे समजल्याखेरीज कोणत्याही चाचणीच्या पुस्तिकेतील घटकांच्या तक्त्यावर विश्वास टाकणे धोक्याचे आहे. म्हणून या पद्धतींचा तुलनात्मक आढावा येथे घेण्याचे योजिले आहे.

सर्वांचा आरंभ एकाच निरीक्षणापासून होतो. भिन्न विषयांच्या चाचण्या मुलांच्या एखाद्या मोठ्या समूहाला दिल्या, तर एकीत पुढे असणारी मुले बहुधा दुसरीतही पुढे असतात. चाचण्यांचे परस्परसहसंबंध जवळजवळ सर्वत्र धन असतात. चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली या निरीक्षणाचा असा अन्वय लावला की, प्रत्येक चाचणीत एक सर्वसामान्य घटक आणि एक त्या चाचणीपुरता विशिष्ट घटक असे दोनच घटक कार्य करतात. त्याच्या युक्तिवादाचे सौंदर्य एका लहानशा हिशेबाने दाखविता येते. चार चाचण्यांवर सामान्य घटकाचा भार अनुक्रमे ०.८, ०.७, ०.६ व ०.५ आहे असे मानू. मग कोणत्याही दोन चाचण्यांचा सहसंबंध म्हणजे त्यांच्या भारांचा गुणाकार होय, आणि सहा सहसंबंध ०.५६, ०.४८, ०.४०, ०.४२, ०.३५ व ०.३० असे येतात. आता पहिल्या-दुसऱ्या चाचणीच्या सहसंबंधाला तिसऱ्या-चौथीच्या सहसंबंधाने गुणा, पहिल्या-तिसरीच्या सहसंबंधाला दुसऱ्या-चौथीच्या, किंवा पहिल्या-चौथीच्या सहसंबंधाला दुसऱ्या-तिसरीच्या. तिन्ही वेळा ०.१६८ हीच संख्या हाती येते. असे गुणाकार समान निघाले की एकच सामान्य घटक पुरेसा आहे, असा स्पिअरमनचा निकष होता.

पुरेसा आहे, हे खरे. परंतु तो आवश्यक आहे काय? हा प्रश्न गॉडफ्रे टॉमसनने १९१६ साली उपस्थित केला, आणि माझ्या मते या शास्त्राच्या इतिहासातील तो सर्वांत सकस प्रश्न आहे. मन ही असंख्य सूक्ष्म बंधांची रचना आहे आणि प्रत्येक चाचणी त्यांतील काही बंधांचा यदृच्छया निवडलेला नमुना वापरते, एवढे मानले तरी स्पिअरमनचे गुणाकार समान निघतात, हे त्याने फाशांच्या साहाय्याने रचलेल्या कृत्रिम गुणांवर सिद्ध करून दाखविले. चाचण्यांत सामाईक बंध असले म्हणजे सहसंबंध आलाच. त्यासाठी डोक्यात कोठे एकसंध शक्ती वसत असली पाहिजे असे नाही. याच टॉमसनने १९२१ साली नॉर्थम्बरलंड परगण्यातील दूरदूरच्या खेड्यांतल्या शाळांसाठी बुद्धिचाचण्या रचल्या. ज्या शाळांतून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मुले पाठविलीच जात नव्हती, तेथील हुशार मुले नजरेआड राहू नयेत हा त्यामागचा हेतू होता. सामान्य घटकाच्या सिद्धान्ताचा सर्वांत समर्थ टीकाकार आणि ग्रामीण मुलांसाठी बुद्धिचाचणीचा सर्वांत कळकळीचा पुरस्कर्ता एकच मनुष्य होता, ही गोष्ट जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिष्यवृत्ती परीक्षेचा बुद्धिमत्ता चाचणीचा तास घेणाऱ्या आपल्या शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हा भेद मराठी वाचकाला जमीन महसुलाच्या उदाहरणावरून चटकन उमगेल. मलिक अंबरच्या अमदानीत निजामशाही मुलुखातील जमिनीची प्रतवारी झाली. पुढे इंग्रजी अमलात १८३५च्या सुमारास इंदापुरापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी पाहणी सुरू केली, तिच्यात मातीची खोली, रंग, पोत व दोष पाहून प्रत्येक शेताची प्रत आण्यांत ठरविली गेली. अनेक गुणांचा एका अंकात असा संक्षेप करणे सरकारी दफ्तराच्या कामाला उपयुक्त होते, आणि उत्पन्नाचा अदमास त्यावरून बऱ्यापैकी येतही असे. पण 'सोळा आणे' हा मातीत खणून सापडणारा पदार्थ आहे असे कोणा कुळकर्ण्याला वाटले नसेल. बुद्धिगुणांकाच्या बाबतीत मात्र ही चूक भल्याभल्यांकडून झाली आणि होते.

पद्धतींतील पहिला मूलगामी भेद प्रधान-घटक पद्धती आणि सामाईक-घटक पद्धती यांमधला आहे. कार्ल पिअर्सनने १९०१ साली बीजरूपाने मांडलेली आणि हॅरॉल्ड हॉटेलिंगने १९३३ साली पूर्णत्वास नेलेली प्रधान-घटक पद्धती प्रत्येक चाचणीच्या गुणांतील संपूर्ण प्रचरणाचा हिशेब करते. त्यात चाचणीचा विशिष्ट भाग आणि मापनातील प्रमाद हे दोन्ही आले. सामाईक-घटक पद्धती, जिचा वंश स्पिअरमनपासून सुरू होतो, फक्त इतर चाचण्यांशी वाटून घेतलेल्या प्रचरणाचा विचार करते आणि उरलेले बाजूला ठेवते. हा भेद केवळ तात्त्विक नाही. वर घेतलेल्या चार चाचण्यांच्या सहसंबंधांना प्रधान-घटक पद्धती लावली, तर पहिल्या घटकाचे भार ०.८३, ०.७९, ०.७३ व ०.६५ असे येतात, आणि तो घटक एकूण प्रचरणाचा सुमारे ५७ टक्के हिस्सा व्यापतो. वास्तविक भार ०.८, ०.७, ०.६ व ०.५ आहेत आणि सामान्य घटकाचा खरा हिस्सा ४३.५ टक्केच आहे. सर्वांत दुबळ्या चाचणीचा भार सर्वांत अधिक फुगतो, हेही ध्यानात घ्यावे. चाचण्या पुष्कळ असल्या व विश्वसनीय असल्या म्हणजे दोन्ही उत्तरे जवळ येतात. परंतु आपल्याकडील प्रश्नावल्या लहान असतात, आणि संगणकावरील लोकप्रिय प्रणालीत प्रधान-घटक पद्धती आपोआप निवडलेली असते, यामुळे मानसशास्त्राच्या प्रबंधांत फुगलेले आकडे अभिमानाने छापले जातात. गुणांचा संक्षेप एवढाच हेतू असेल तर ही पद्धती निर्दोष आहे. मनाच्या रचनेविषयी अनुमान करावयाचे असेल तर ती वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सामाईक-घटक पद्धतींत भार काढण्याच्या रीती अनेक झाल्या, त्यांचा परामर्श थोडक्यात पुरे. लुई थर्स्टनची मध्यबिंदू पद्धती हाताने गणित करण्याच्या काळाची सोय होती. डी. एन. लॉलीने १९४० साली महत्तम संभाव्यतेचे तत्त्व लावून नमुन्यातील यदृच्छेचा हिशेब प्रथमच शास्त्रशुद्ध केला. आपल्या सी. आर. राव यांनी १९५५ साली 'सायकोमेट्रिका' नियतकालिकात याच प्रश्नाची अनुमानपद्धती नव्या मार्गाने मांडली; या शास्त्राला भारतीयाने दिलेले हे अव्वल दर्जाचे योगदान आहे, आणि आपल्या मानसशास्त्राच्या वर्गांत ते क्वचितच सांगितले जाते. १९६६ मध्ये हार्मन व जोन्स यांनी उरलेल्या सहसंबंधांचे वर्ग किमान करणारी रीत दिली. नमुना मोठा असेल आणि घटकांची संख्या योग्य धरली असेल तर या रीतींच्या उत्तरांत दखल घेण्याजोगा फरक पडत नाही. मतभेदाचे खरे क्षेत्र पुढे आहे : घटक किती मानावयाचे, आणि त्यांचे अक्ष कोणत्या दिशेस वळवावयाचे.

संख्येविषयी सर्वांत प्रचलित नियम कायझरचा, की ज्या घटकाचे आयगेन मूल्य, म्हणजे त्याने व्यापलेले प्रचरण, एकापेक्षा अधिक तो ठेवावा. परस्परांशी काडीचाही संबंध नसलेले ४० प्रश्न मर्यादित संख्येच्या मुलांना दिले, तरी केवळ योगायोगाने त्यांतील निम्म्याच्या जवळपास आयगेन मूल्ये एकाच्या वर जातात, एवढे सांगितले म्हणजे या नियमाची योग्यता कळावी. रेमंड कॅटेलने १९६६ साली आयगेन मूल्यांचा उतार काढून तो जेथे सपाट होतो तेथे थांबावे असे सुचविले. त्यात पाहणाऱ्याच्या नजरेचा भाग मोठा राहतो. जॉन हॉर्नने १९६५ साली सुचविलेले समांतर विश्लेषण मला सर्वांत न्याय्य वाटते. त्यात तेवढ्याच प्रश्नांचे व तेवढ्याच परीक्षार्थींचे निव्वळ यादृच्छिक आकडे तयार करून, त्यांच्या आयगेन मूल्यांपेक्षा प्रत्यक्ष आकड्यांची मूल्ये मोठी असतील तेवढेच घटक मान्य करतात. पूर्वी या रीतीला गणनेचे ओझे आडवे येत असे. आज साध्या संगणकावर ते काम क्षणात होते, त्यामुळे जुना नियम वापरण्यास कसलीही सबब उरलेली नाही.

परिभ्रमणाचा प्रश्न अधिक खोल आहे. घटकांची संख्या निश्चित झाल्यावरही त्यांचे अक्ष कोणत्याही दिशेस फिरविले तरी सहसंबंधांचे स्पष्टीकरण तितकेच अचूक राहते. म्हणजे एकाच आकडेवारीतून अगणित समतुल्य उत्तरे निघतात आणि त्यांतून निवड करण्यास गणित स्वतः असमर्थ आहे. थर्स्टनने यावर सरल रचनेचा दंडक घातला : प्रत्येक चाचणी थोड्याच घटकांवर भारित असावी आणि इतरांवर तिचा भार शून्याजवळ असावा. तीन मोजमापांवर अवलंबून असलेल्या खोक्यांच्या अनेकविध मापांतून याच दंडकाने लांबी, रुंदी व उंची परत मिळविता येतात, हे त्याने दाखविले. १९३८ साली त्याने शाब्दिक आकलन, शब्दप्रवाह, संख्या, अवकाश, स्मृती, संवेदनगती व तर्क अशा प्राथमिक क्षमता प्रसिद्ध केल्या, तेव्हा स्पिअरमनचा सामान्य घटक नाहीसा झाला असे पुष्कळांना वाटले. परंतु थर्स्टनच्या क्षमता परस्परांशी सहसंबंधित निघाल्या, आणि त्या सहसंबंधांचे पुन्हा विश्लेषण करताच वरच्या पायरीवर सामान्य घटक पुन्हा उभा राहिला. होल्झिंगरने १९३७ मध्ये सामान्य घटक व गटघटक एकाच पातळीवर मांडणारी द्विघटक पद्धती दिली. १९५७ साली श्मिड व लायमन यांनी पायऱ्यांच्या मांडणीचे तशा मांडणीत रूपांतर करण्याची रीत दिली. आणि १९९३ साली जॉन कॅरॉलने ४६०हून अधिक जुन्या आकडेवाऱ्या नव्याने तपासून तीन स्तरांची जी रचना मांडली, तिच्यात स्पिअरमन व थर्स्टन दोघांनाही आपापली जागा मिळाली. कायझरची १९५८ सालची व्हॅरिमॅक्स पद्धती अक्ष परस्परांना लंब ठेवते. प्रॉमॅक्स व ऑब्लिमिन त्यांना तिरकस होऊ देतात. मानवी क्षमता परस्परांपासून अलिप्त नसतात हे शंभर वर्षांच्या निरीक्षणाने सिद्ध असता अक्ष लंब ठेवण्याचा आग्रह धरणे म्हणजे उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारणे होय. तिरकस परिभ्रमण करावे. घटक खरोखर अलिप्त असतील तर ते आपोआप तसे दिसतील.

आता महाराष्ट्राकडे वळू. मराठी मुलांच्या बुद्धिमापनाचा पाया व्ही. व्ही. कामत यांनी घातला. बीने चाचणीच्या स्टॅनफर्ड आवृत्तीचे त्यांनी कानडी व मराठी भाषक मुलांसाठी केलेले संस्करण १९३४ च्या लेखाने विद्वानांपुढे आले व १९४० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे अनेक दशके मानसोपचार विभागांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत याच बीने-कामत चाचणीचा दाखला प्रमाण मानला गेला. परंतु त्या चाचणीचे प्रश्न वयोगटांनुसार रचलेले असल्याने प्रत्येक मूल आपल्या वयाच्या मागचे-पुढचे थोडेच प्रश्न सोडविते. सर्व मुलांना सर्व प्रश्न दिलेले नसल्यामुळे सहसंबंधांचा पूर्ण तक्ता बनत नाही, आणि घटक-विश्लेषणास आवश्यक असलेले पहिले साधनच हाती राहत नाही. मानसिक वयाचा एकच आकडा काढण्याच्या हेतूने जे साधन घडले, त्याच्याकडे त्या आकड्यात काय काय मिसळले आहे याचा जाब मागता येत नाही.

दुसरा प्रवाह पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचा. १९६२ साली डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी स्थापिलेल्या या संस्थेने, आणि तिच्या मानसशास्त्रीय शाखेने, एका बुद्धिगुणांकावर समाधान न मानता जे. पी. गिल्फर्डच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानाचा स्वीकार करून मराठीत चाचण्या रचल्या; बुद्धीचे पैलू अनेक आहेत आणि ते संवर्धनाने वाढविता येतात ही त्यामागची श्रद्धा शिक्षणाच्या दृष्टीने मोठी फलदायी ठरली, याविषयी मला शंका नाही. शंका आहे ती प्रतिमानाच्या सांख्यिकीय पायाविषयी. पाच क्रिया, चार आशय व सहा फलिते यांचा गुणाकार करून गिल्फर्डने १२० क्षमता मांडल्या, पुढे ती संख्या १५० व शेवटी १८० झाली. या क्षमतांचे समर्थन करताना त्याने अक्ष आकडेवारीच्या कलाने न फिरविता आपल्या प्रतिमानाने आधीच सांगितलेल्या लक्ष्याकडे फिरविले, आणि तेही परस्परांना लंब ठेवून. १९७३ साली हॉर्न व नॅप यांनी त्याच आकडेवारीवर केवळ यदृच्छेने रचलेली प्रतिमाने त्याच रीतीने लावली, तेव्हा त्यांनाही जवळजवळ तितकाच आधार मिळाला. लक्ष्य कोणतेही द्या, पद्धती ते गाठून देते. मग लक्ष्य गाठले गेल्याने प्रतिमानाची सत्यता कशी ठरावी?

येथे आणखी एक बाब आहे, आणि ती पद्धतीच्या निवडीइतकीच महत्त्वाची असूनही आपल्याकडे तिची चर्चा होत नाही. गिल्फर्डचे बरेचसे परीक्षार्थी सैन्यातील निवडलेले तरुण होते. समूह जितका निवडक, तितके त्यातील सहसंबंध आकसतात. सामान्य घटक क्षीण दिसतो आणि लहानसहान घटक स्वतंत्र भासू लागतात. प्रज्ञावंत मुलांच्या शाळेत घेतलेल्या चाचण्यांवरूनही हेच होणार. उलट, समूह जितका विषम, तितका सामान्य घटक बळावतो. राहाता-कोपरगावच्या कालव्याखालील गावांतली, वर्षभर शाळेत जाणारी मुले, आणि पाथर्डीतून दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्यात परतणारी मुले एकाच नमुन्यात घालून सहसंबंध काढले, तर शाळेत बसलेल्या दिवसांचा फरक प्रत्येक चाचणीत एकाच दिशेने उतरेल, सर्व चाचण्या परस्परांशी जुळतील, आणि गणिती यंत्रातून एक भक्कम सामान्य घटक बाहेर पडेल. त्याला बुद्धी हे नाव देणारा संशोधक हजेरीपटाचे माप घेत असेल. कोणतीही निष्कर्षण-रीत वा परिभ्रमण या दोषावर उतारा नाही. तो नमुन्यातच आहे, आणि त्याचे निवारण गट वेगळे करूनच होते.

बरोबर-चूक अशा दोनच गुणांच्या प्रश्नांविषयीही सावधगिरी हवी. सोपे प्रश्न सोप्यांशी आणि कठीण प्रश्न कठिणांशी अधिक जुळतात. सामान्य सहसंबंध वापरले तर काठिण्यपातळीचेच दोन घटक तयार होतात, याची मीमांसा फर्ग्युसनने १९४१ सालीच केली. नवोदय किंवा शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकेचे विश्लेषण करताना म्हणून द्विविकल्पी उत्तरांसाठी असलेला चतुष्कोष्ठी सहसंबंध घ्यावा.

१९६९ साली कार्ल यरेस्कोगने पडताळणीपर घटक-विश्लेषणाची रीत परिणत स्वरूपात मांडली, आणि वादाचे स्वरूपच पालटले. कोणता प्रश्न कोणत्या घटकावर भारित आहे हे संशोधकाने आधी लिहून द्यावे, आणि आकडेवारीने ते मान्य वा अमान्य करावे. गिल्फर्डच्या लक्ष्य-परिभ्रमणात जे प्रतिमान कधी हरू शकत नव्हते, ते येथे हरू शकते. या रीतीचा कडकपणा काही वेळा अतिरेकी होतो, कारण प्रश्न क्वचितच एकाच घटकाशी निष्ठा राखतो; त्यावर तोडगा म्हणून २००९ साली अन्वेषण व पडताळणी यांचा संयोग करणारी पद्धतीही आली. परंतु मला या पद्धतीचे सर्वांत मोठे मोल वाटते ते निराळ्याच कारणासाठी : एकच चाचणी दोन समूहांत तेच मापते काय, हे तिने पायरीपायरीने तपासता येते. पहिल्या पायरीवर दोन्ही समूहांत घटकांची रचना सारखी आहे काय हे पाहतात. दुसरीवर घटकभार समान आहेत काय. तिसरीवर, घटकाची पातळी समान असलेल्या दोन समूहांतील मुलांना त्या प्रश्नात सरासरी समान गुण मिळतात काय.

राज्य मंडळाने २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी जी कल चाचणी सुरू केली, तिच्यासारख्या राज्यव्यापी साधनाला तर ही तपासणी अगत्याचीच आहे. कृषीविषयीच्या आवडीचा प्रश्न प्रवरेच्या काठच्या ऊस बागायतदाराच्या मुलाला आणि कर्जतच्या जिरायती शेतकऱ्याच्या मुलाला सारखाच अर्थ देतो, हे गृहीत धरता येत नाही. नगर जिल्हा या कामाला फार उपयुक्त आहे, कारण क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात आदिवासी डोंगरपट्टा, सहकारी साखर कारखान्यांचा बागायती पट्टा आणि दुष्काळी दक्षिण भाग असे तीन भिन्न समाज एकाच शैक्षणिक प्रशासनाखाली नांदतात. तीन पट्ट्यांतून प्रत्येकी काही शे मुले घ्यावीत. प्रत्येक पट्ट्याचा नमुना दोन भागांत विभागावा. पहिल्या भागांत समांतर विश्लेषणाने घटकसंख्या ठरवून तिरकस परिभ्रमण करावे, दुसऱ्या भागांत त्याच रचनेची पडताळणी करावी, आणि मग तिन्ही पट्ट्यांची तुलना वर सांगितलेल्या पायऱ्यांनी करावी. दुसरी पायरी पार झाली तर घटकांचे परस्परसंबंध तिन्ही पट्ट्यांत ताडून पाहता येतील. तिसरी ढासळली, तर अकोल्याच्या मुलांची सरासरी कोपरगावच्या मुलांच्या सरासरीशी ताडून पाहण्याचा अधिकार त्या चाचणीला राहणार नाही. ज्या प्रश्नांमुळे ती ढासळली ते हुडकून बदलावे लागतील, आणि ते बदलेपर्यंत प्रत्येक पट्ट्यासाठी स्वतंत्र मानके ठेवून निवड त्या-त्या पट्ट्यातल्या क्रमानेच करावी लागेल.